तीन टक्क्यांवर उभा महाल

सिंगापूरला जाऊन आलेल्या मराठी घरात एक फोटो हमखास असतो. पुढे तोंडातून पाण्याची धार सोडणारा मर्लायनचा पांढरा पुतळा, त्याच्या शेजारी उन्हाने डोळे बारीक केलेले आई-बाबा, आणि मागे खाडीपलीकडे एका रांगेत उभे असलेले तीन उंच मनोरे. तिन्ही मनोऱ्यांच्या माथ्यावर एक लांबलचक होडी आडवी ठेवल्यासारखी दिसते. ही इमारत म्हणजे मरीना बे सँड्स. सहलीच्या पत्रकात ती हॉटेल म्हणून येते. गाइड छतावरच्या बागेचं तिकीट आणि रात्रीच्या रोषणाईची वेळ सांगतो, फोटोसाठी दहा मिनिटं देतो आणि बस पुढे निघते.

फोटोत मनोरे येतात, होडी येते, एका बाजूला कमळाच्या आकाराचं आर्टसायन्स म्युझियमही येतं. ज्या जागेच्या कमाईवर हे सगळं चाललं आहे ती मात्र येत नाही. ती जागा म्हणजे इथला कॅसिनो. त्याचं क्षेत्रफळ सरकारने बांधून दिलं: जास्तीत जास्त 15,000 चौरस मीटर, म्हणजे एकूण बांधकामाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. कोरोनाच्या आधीच्या वर्षी, 2019 मध्ये, मरीना बे सँड्सचा महसूल सुमारे 3.1 अब्ज अमेरिकी डॉलर होता. त्यातले दोन अब्जांहून अधिक या तीन टक्क्यांतून आले. अडीच हजार खोल्या, दुकानं, उपाहारगृहं, नाट्यगृहं, परिषदांची दालनं आणि छतावरची बाग या सगळ्यांनी मिळून उरलेला तिसरा हिस्सा कमावला.

मग एवढा डोलारा उभारायचाच कशाला? नुसता कॅसिनो बांधला असता तर? या प्रश्नाच्या उत्तरात अशा प्रत्येक रिसॉर्टचं गणित दडलेलं आहे. त्यासाठी आधी ही इमारत तिथे आली कशी ते पाहावं लागेल, कारण ज्या देशात ती उभी आहे त्या देशाला ती चार दशकं नको होती.

सिंगापूर जुगारापासून कधीच पूर्ण लांब नव्हतं. घोड्यांच्या शर्यती होत्या, आणि बेकायदा आकड्यांना आळा बसावा म्हणून सरकारने 1968 मध्ये स्वतःची लॉटरी कंपनी काढली होती. कॅसिनोला मात्र ठाम नकार होता. या नकारामागे देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू उभे होते. जुगाराने घराचं काय होतं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. त्यांचे वडील कटोंगच्या चायनीज स्विमिंग क्लबमध्ये ब्लॅकजॅक खेळायचे, हरले की चिडून घरी यायचे आणि पुन्हा डाव मांडता यावा म्हणून गहाण टाकायला बायकोचे दागिने मागायचे. घरात कडाक्याची भांडणं व्हायची. हे सगळं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

त्यांच्याच मुलाने, तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी, 18 एप्रिल 2005 रोजी संसदेत जाहीर केलं की देशात दोन मोठे रिसॉर्ट होतील आणि दोन्हींत कॅसिनो असेल. त्याआधी वर्षभर देशात वाद पेटला होता. चर्च, मशिदी, समाजसेवी संस्था, खुद्द मंत्रिमंडळातले काही सहकारी विरोधात होते. सरकारची बाजू अशी होती: पर्यटक सिंगापूरला येतो, दोन-तीन दिवसांत सगळं पाहून संपवतो आणि पुढच्या देशात जातो. हाँगकाँग, बँकॉक, मकाव नवं काही उभारत आहेत. आणि आपले नागरिक तसेही मलेशियाच्या गेंटिंग टेकड्यांवर किंवा खोल समुद्रातल्या बोटींवर जाऊन खेळतातच, पैसा तिकडे राहतो. वडील ली यांनीही शेवटी मान्यता दिली.

ज्या पद्धतीने निविदा काढल्या गेल्या ती मला या कथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. मरीना बेच्या जमिनीची किंमत सरकारने आधीच ठरवून टाकली, 1.2 अब्ज सिंगापूर डॉलर. सर्वांना तीच. त्यामुळे जास्त बोली लावून जमीन मिळवण्याचा प्रश्नच उरला नाही. स्पर्धा होती ती कोण काय बांधतो, पर्यटक कसे आणणार, परिषदा कशा भरवणार यावर. चार गट उतरले आणि मे 2006 मध्ये लास वेगास सँड्स या अमेरिकी कंपनीची निवड झाली.

या कंपनीचे तेव्हाचे मालक शेल्डन एडेलसन हे बोस्टनच्या एका टॅक्सीचालकाचा मुलगा. ते पत्त्यांच्या धंद्यातून वर आले नव्हते. त्यांनी पहिली मोठी कमाई केली ती कॉम्डेक्स या संगणक प्रदर्शनातून. 1979 पासून लास वेगासमध्ये भरणारं हे प्रदर्शन इतकं वाढलं की त्या दिवसांत शहरातल्या खोल्या पुरत नसत. त्यातून एडेलसनना एक गोष्ट दिसली, जी पिढ्यान्‌पिढ्या कॅसिनो चालवणाऱ्यांच्या नजरेतून सुटली होती. वेगासची हॉटेलं शुक्रवार ते रविवार भरलेली असायची आणि सोमवार ते गुरुवार ओस पडायची. मधल्या वारी कोण येईल? ज्याला कंपनी पाठवते तो. परिषदेला आलेला माणूस खोलीचं पूर्ण भाडं देतो, कारण ते त्याच्या खिशातून जात नाही. संध्याकाळी सहाला भाषणं संपली की त्याच्यापाशी मोकळा वेळ असतो, आणि तो घरापासून लांब असतो.

एडेलसननी 1989 मध्ये जुनं सँड्स हॉटेल विकत घेतलं, शेजारी प्रदर्शन केंद्र बांधलं, 1996 मध्ये ते हॉटेल सुरुंग लावून पाडलं आणि तिथे 1999 मध्ये व्हेनेशियन उभं केलं. कालवे, गोंडोला आणि नुसते सुइट. हाच साचा पुढे मकावला गेला. मकाव म्हणजे आपल्या गोव्याचंच एक जुनं भावंड. 1844 पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या पोर्तुगीज राजवटीच्या अखत्यारीत होता. 2004 मध्ये तिथे उघडलेल्या त्यांच्या पहिल्या कॅसिनोने बांधकामाचा खर्च वर्षभराच्या आत वसूल केला. 2006 पर्यंत मकावची जुगाराची कमाई वेगासच्या मुख्य रस्त्याच्या पुढे गेली. सिंगापूरच्या निविदेत इतरांकडे देखणी चित्रं होती. एडेलसन यांच्याकडे परिषदा भरवण्याचा अनुभव होता, आणि सिंगापूरला नेमका तोच हवा होता.

आता इमारतीकडे वळू, कारण ती खरोखर पाहण्यासारखी आहे आणि तिच्यावर मेहनत घेणाऱ्यांचं कौतुक न करणं अन्यायाचं होईल. रचनाकार मोशे साफ्डी. तरुणपणी माँट्रिअलमध्ये त्यांनी घरांच्या पेट्या एकमेकींवर रचून हॅबिटॅट 67 नावाची वसाहत केली होती. मरीना बेला त्यांच्यापुढे अडचण अशी होती की तीन मनोरे पाण्याच्या काठी उभे केल्यावर बाग आणि तलावासाठी जमीनच उरत नव्हती. तेव्हा त्यांनी बाग उचलून मनोऱ्यांच्या डोक्यावर ठेवली. 55 मजल्यांचे तीन मनोरे आणि त्यांच्या वर, जमिनीपासून सुमारे 200 मीटरवर, 340 मीटर लांबीचा स्कायपार्क. उत्तरेकडचं त्याचं टोक शेवटच्या मनोऱ्याच्या पुढे साधारण 66 मीटर अधांतरी गेलं आहे, खाली एकही खांब नाही.

पाया घालतानाच परीक्षा होती. ही सगळी जमीन समुद्रात भर घालून केलेली, खाली मऊ सागरी चिकणमातीचा जाड थर. खणायला घेतलं की कडेची माती आत येणार. नेहमीच्या पद्धतीने आडव्या तुळया लावून ती अडवली तर खड्ड्यात यंत्रांना हलायला जागा राहत नाही. म्हणून अरूप कंपनीच्या अभियंत्यांनी काँक्रीटच्या प्रचंड गोलाकार भिंती जमिनीत उतरवल्या. विहिरीचं दगडी कडं जसं चहूबाजूंचा दाब गोलाईतच जिरवतं आणि आतली जागा मोकळी ठेवतं, तसंच इथेही झालं. प्रत्येक मनोरा दोन पायांचा. समोरून सरळ दिसतो, पण बाजूने पाहिलं तर एक पाय दुसऱ्यावर रेललेला. पहिल्या मनोऱ्याचा पाय तर 26 अंशांनी कललेला. दोन्ही पाय 23व्या मजल्यावर एकत्र येतात. तोवर त्यांना तात्पुरत्या आधारांनी धरून ठेवावं लागलं.

सर्वांत नाजूक काम माथ्यावरच्या तलावाचं होतं. फोटोत तो दीडशे मीटरचा सलग पट्टा दिसतो, पलीकडची कड जणू आकाशात संपते. पण तीन मनोरे वाऱ्याने वेगवेगळे हलतात, आणि पाया बसत जातो तशी प्रत्येकाची उंची किंचित वेगळी होत जाते. अखंड टाकी केली असती तर ती फाटली असती. म्हणून तलाव स्टेनलेस स्टीलच्या भागांचा आहे, त्यांच्यामध्ये सरकणारे सांधे आहेत, आणि ते सांधे मिळून अर्धा मीटरपर्यंतची हालचाल सोसतात. तलावाखाली पाचशेहून अधिक ठिकाणी जॅक बसवले आहेत. पुढेमागे एखादा कोपरा खाली गेला तर तेवढाच उचलून पाण्याची पातळी पुन्हा सरळ करता यावी यासाठी. काठावरून पाणी ओसंडतं ते खाली बांधलेल्या पन्हळीत पडतं आणि पंपाने परत वर येतं. पाण्याची कड हलली तर साऱ्या देखाव्याची जादू जाईल, म्हणून एवढा खटाटोप.

बांधकाम चालू असतानाच 2008 चं आर्थिक संकट आलं. कंपनीचा शेअर दीडशे डॉलरच्या जवळून दोन डॉलरच्या खाली घसरला. मकावमधलं काम थांबलं आणि तिथल्या सुमारे 11 हजार कामगारांना घरी जावं लागलं. एडेलसन कुटुंबाने स्वतःचे एक अब्ज डॉलर कंपनीत घातले. सिंगापूरचं काम मात्र थांबवलं नाही. एप्रिल 2010 मध्ये पहिला टप्पा उघडला, जूनमध्ये स्कायपार्क. जमिनीसह खर्च सुमारे 8 अब्ज सिंगापूर डॉलर. कॅसिनो असलेली एवढी महाग एकच वास्तू तोवर जगात कुठे झाली नव्हती.

आता मूळ प्रश्न. तलाव कशाला, बाग कशाला?

इथे आशियातला सर्वांत आवडता खेळ बॅकरॅट जवळून पाहू. टेबलावर दोन बाजू असतात, प्लेअर आणि बँकर. ही नुसती नावं आहेत. खेळणारा कोणत्याही बाजूवर पैसे लावू शकतो, बरोबरीवरही लावू शकतो. प्रत्येक बाजूला दोन पत्ते मिळतात, ठरलेल्या नियमाने तिसरा पत्ता येतो किंवा येत नाही. ज्याची बेरीज नऊच्या जवळ तो जिंकला. खेळणाऱ्याने ठरवायचं असं यात पैसे कुठे लावायचे याखेरीज काहीच नाही. तरीही मोठी रक्कम लावणाऱ्याच्या हातात पत्ते उपडे दिले जातात. तो दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी पत्त्याची कड हळूहळू वर वळवतो. आधी कडेला ठिपके दिसतात का ते बघतो, मग पत्ता आडवा फिरवून दुसरी कड उचलतो. किती ठिपके दिसले यावरून सहा-सात-आठ की नऊ-दहा याचा अंदाज बांधत, श्वास रोखून, शेजारचे ओरडत असताना. पत्ता केव्हाच ठरलेला आहे. वळवल्याने तो बदलणार नाही. पण पाच सेकंदांचा निकाल अर्धा मिनिट लांबतो आणि त्या अर्ध्या मिनिटात खेळणाऱ्याला वाटतं की डाव आपल्या हातात आहे. असे चुरगळलेले पत्ते पुन्हा वापरत नाहीत. खेळ झाला की ते नष्ट होतात.

टेबलाशेजारच्या पडद्यावर आधीच्या डावांचे लाल-निळे गोल मांडलेले असतात. लोक त्यातून ओळी शोधतात, बँकर सलग पाचदा आला म्हणून सहावाही त्याचाच म्हणतात, किंवा आता तो येणारच नाही म्हणतात. ही नोंद कॅसिनो स्वखुशीने पुरवतो. पुढच्या डावाबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही हे त्याला ठाऊक असतं.

बँकरवर लावलेल्या रकमेत घराचा, म्हणजे कॅसिनोचा, सरासरी वाटा 1.06 टक्के असतो. प्लेअरवर 1.24 टक्के. बरोबरीवर मात्र 14 टक्क्यांहून जास्त. पहिले दोन आकडे ऐकून वाटतं, हे तर दुकानदाराच्या नफ्याहूनही कमी. गोम वेळेत आहे. समजा एकाने शंभर-शंभर डॉलर लावत 100 डाव खेळले. गणिताने त्याचे साधारण 115 डॉलर जायला हवेत. पण एवढ्या डावांत नशिबाचा चढउतार साधारण नऊशे डॉलरचा असतो. म्हणजे घराचा वाटा नशिबाच्या लाटेत दिसतही नाही, आणि शंभर डाव खेळून उठलेल्यांपैकी कितीतरी जण जिंकून उठतात. ते खोटं बोलत नाहीत, खरोखर जिंकलेले असतात. आता कॅसिनोच्या बाजूने बघा. तसेच डाव 10 लाख झाले की घराचा वाटा साडेअकरा लाख डॉलर होतो आणि नशिबाचा चढउतार फक्त एक लाखाच्या आसपास. डाव शंभरपट झाले की घराचा वाटाही शंभरपट होतो, नशिबाचा हेलकावा मात्र दहापटच वाढतो. खेळणारा नशिबाशी खेळत असतो. कॅसिनोच्या बाजूला नशीब नावाची गोष्ट उरतच नाही, फक्त पुरेसे डाव व्हायला हवेत.

पुरेसे डाव होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: पुष्कळ माणसं, आणि त्या माणसांचा लांबलेला मुक्काम. तलाव, बाग, दुकानं, नामांकित स्वयंपाक्यांची उपाहारगृहं, हजारोंच्या परिषदा या सगळ्यांचं काम इथे कळतं. दोन तासांत जिंकून विमानाने परत जाणारा माणूस कॅसिनोला परवडत नाही. तोच माणूस तीन रात्री वरच्या खोलीत राहिला, बायको-मुलं तलावावर रमली, तर तो पुन्हा खाली उतरतो. खोलीचं भाडं मिळतं ते बोनस. मोठ्या खेळणाऱ्याकडून तर तेही घेत नाहीत. त्याने सरासरी किती लावले, तासाला किती डाव झाले, किती तास बसला, यांचा गुणाकार करून त्याच्याकडून गणिताने किती यायला हवं ते काढतात. शंभर डॉलर, तासाला 70 डाव, चार तास: 28 हजार डॉलर टेबलावरून फिरले, त्यातून घराचे साधारण सव्वातीनशे. त्यातला काही भाग जेवण किंवा खोली म्हणून परत दिला जातो. पाहुणचार वाटतो, पण पाहुण्याच्याच पैशांतला तो परतावा असतो. गेल्या काही वर्षांत मरीना बे सँड्सने नूतनीकरण करताना खोल्यांची संख्या कमी केली आणि सुइट वाढवले, ते याच हिशेबाने.

महाभारतातलं सभापर्व या नजरेने पुन्हा वाचावं. द्यूताआधी धृतराष्ट्राने हजार खांबांची, शंभर दारांची सभा मुद्दाम बांधवून घेतली. विदुराकरवी निरोप गेला तो असा की पांडवांनी यावं, ही सभा पाहावी आणि स्नेहाने चार डाव खेळावेत. सभा आधी, फासे नंतर. युधिष्ठिराला काय होणार याचा अंदाज होता, तरी तो गेला. आणि एकदा बसल्यावर प्रत्येक हरलेल्या डावानंतर उठण्याऐवजी नवा पण लावत गेला.

सिंगापूर सरकारला हे गणित माहीत होतं, म्हणूनच त्याने आपल्या नागरिकांपुरता मुक्काम तोडायची व्यवस्था केली. परदेशी पाहुणा पासपोर्ट दाखवून फुकट आत जातो. सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तर दारातच 24 तासांसाठी पट्टी भरावी लागते. सुरुवातीला ती 100 सिंगापूर डॉलर होती, एप्रिल 2019 पासून 150. वर्षाचा परवाना 2000 चा 3000 झाला. ही रक्कम कॅसिनोला मिळत नाही, सार्वजनिक आणि धर्मादाय कामांना जाते. कॅसिनोच्या आत एटीएम ठेवायला बंदी आहे. स्थानिक माणसाला उधारीवर खेळू देता येत नाही. अपवाद फक्त ज्याने किमान एक लाख डॉलर आधी खात्यात ठेवले आहेत त्याचा. दिवाळखोरांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना कायद्यानेच दार बंद. कोणीही स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घालू शकतो. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती तरतूद म्हणजे बायको, नवरा, आई-वडील, मुलं आपल्या माणसाच्या प्रवेशबंदीसाठी अर्ज करू शकतात. कटोंगच्या त्या घरात दागिन्यांवरून भांडणाऱ्या बाईच्या हातात असा कुठलाच कागद नव्हता.

पट्टीबद्दल माझ्या मनात शंका आहे. दीडशे डॉलर भरून आत गेलेल्या माणसाला ते वसूल करायचे असतात, आणि 24 तास त्याच्यापाशी असतात. सहज डोकावणारा पट्टीने थांबतो, पण ज्याला नाद लागला आहे तो थांबेल असं मानायला आधार नाही. त्याच्यासाठी घरच्यांचा अर्जच कामाचा.

एकंदर परिणाम काय झाला? पर्यटकांचा आकडा 2009 मध्ये 97 लाखांच्या आसपास होता, दोन्ही रिसॉर्ट उघडल्याच्या वर्षी 1 कोटी 16 लाखांवर गेला, 2019 मध्ये 1 कोटी 91 लाखांवर. जुगाराच्या नादी लागलेल्यांची सरकारी पाहणी दर तीन वर्षांनी होते. प्रौढ रहिवाशांतलं त्यांचं प्रमाण 2005 मध्ये 4.1 टक्के होतं, 2020 मध्ये 1.2. कॅसिनो आले आणि नाद कमी झाला, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कॅसिनोंसोबत समुपदेशन, मदतवाहिनी आणि बंदीची यादीही आली. सरकारने हे काम मनापासून केलं हे मान्य करायला हवं.

पण या पाहणीत कोण मोजलं जातं? फक्त सिंगापूरचे रहिवासी. या तीन टक्क्यांतली मोठी रक्कम चीन, इंडोनेशिया, मलेशिया, भारत अशा ठिकाणांहून येणाऱ्यांच्या खिशातून येते. ते हरून आपापल्या गावी परततात. त्यांच्या घरातली भांडणं, गहाण पडलेलं सोनं, विकलेली दुकानं सिंगापूरच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. नागरिकांना जपून परक्यांवर कमवायचं, या व्यवस्थेच्या यशाचं मोजमाप तेवढ्यापुरतंच धरायला हवं.

मराठी वाचकाला याचा ताळा गोव्यात करता येतो. पणजीसमोर मांडवीत नांगरलेले तरंगते कॅसिनो ज्या कायद्याने आले तो 1976 चा. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, 1996 च्या दुरुस्तीने बोटींवर टेबलं. फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. म्हणजे आपले लोक बाहेर, परके आत, हे तत्त्व तिथेही आलं, पण कॅसिनो सुरू होऊन दोन दशकं झाल्यावर. आणि त्या बोटींच्या बदल्यात पणजीला परिषदेचं भव्य दालन, बाग किंवा संग्रहालय मिळालेलं नाही. बोटी मांडवीतून हलवण्याची आश्वासनं तेवढी मिळत आली. महाराष्ट्राने तर 1976 मध्येच कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा करून ठेवला होता. तो एकदाही अमलात आला नाही आणि 2023 मध्ये विधिमंडळाने रद्द केला. मराठी माणूस खेळत नाही असा याचा अर्थ नाही. तो गोव्याला जातो, गोव्याच्या बोटींवरच्या टेबलांभोवती रोज मराठी ऐकू येतं, आणि त्याच्या घरच्यांना अर्ज करता येईल अशी यादी त्याच्या राज्यात नाही. कॅसिनो नको म्हणून कायदा रद्द करणं सोपं होतं. शेजारच्या राज्यात जाऊन हरणाऱ्या आपल्या माणसाच्या कुटुंबासाठी काही करणं अजून बाकी आहे.

सिंगापूरने मात्र सौद्याची पुढची फेरी केली आहे. एप्रिल 2019 मध्ये एकाच घोषणेत तीन गोष्टी आल्या. स्थानिकांची पट्टी वाढली. दोन्ही रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपन्यांना 2030 अखेरपर्यंत तिसरा स्पर्धक येणार नाही अशी हमी मिळाली. आणि मरीना बे सँड्सने चौथा मनोरा बांधायचं कबूल केलं, तेही पुन्हा साफ्डींकडूनच. जुलै 2025 मध्ये त्याच्या कामाचा मुहूर्त झाला. 55 मजले, 570 सुइट, 15 हजार आसनांचं सभागृह, माथ्यावर पुन्हा बाग. खर्च सुमारे 8 अब्ज अमेरिकी डॉलर, आणि 2031 च्या सुमारास दारं उघडायची योजना. एवढ्याच्या मोबदल्यात कंपनीने जास्तीचा कॅसिनो किती मागून घेतला? 2000 चौरस मीटर आणि 1000 यंत्रं. नव्या सभागृहात गाणं ऐकायला येणाऱ्या बहुतेकांना तेवढी वाढलेली जागा दिसणारही नाही.